इंजिन जुनं करण्याचं काम

त्या वर्षी मी भिंगारच्या छावणीत लष्करी ट्रकांवर नंबर रंगवत होतो. लढाई चालू होती, त्यामुळे कामाला तोटा नव्हता. माझं वय चोवीस. बायको पारनेरला माहेरी गेली ती वर्ष झालं तरी परतली नव्हती. संध्याकाळी खोलीवर जाऊन करायचं काय, म्हणून मी मामांकडे जायला लागलो.

मामा म्हणजे माझे नात्यातले कोणी नव्हेत. दौंड-मनमाड लाईनीवर त्यांनी आयुष्यभर मालगाडी हाकली होती. नजर अधू झाली तेव्हा त्यांना घरी बसवलं. स्टेशनामागच्या दोन खोल्यांत ते आणि मामी राहत. तिथे ते आपण चालवलेलं इंजिन पत्र्यातून आणि पितळेतून पुन्हा घडवत होते. खऱ्याच्या एका फुटाला इथे अर्धा इंच. मागचं कोळसा-पाण्याचं टेंडर धरून अडीच फूट लांबी. चाकं त्यांनी रेल्वेच्या शेडमधल्या एका ओळखीच्या टर्नरकडून लेथवर काढून घेतली होती. नऊ वर्षं त्यांचं हेच चाललं होतं. आता बारीक काम दिसेना, म्हणून माझे डोळे हवे होते.

आधी त्यांनी मला इंजिनामागे जोडायच्या छोट्या मालडब्यांच्या कामावर बसवलं. बिस्किटाच्या डब्याचा पत्रा कापायचा आणि आतल्या बाजूने बोथट दाभणाने टोचत जायचं, म्हणजे बाहेर रिबिटांची रांग उठते. माझा पहिला डबा तीन आठवड्यांत झाला. मामांनी तो भिंगाखाली धरला, बोटाने एकेक रिबीट मोजलं आणि जमिनीवर ठेवून टाचेखाली चेचला.

"येक रिबीट कमी हाय," ते म्हणाले. "परत कर."

दुसरा डबाही त्यांनी चेचला. तिसरा ठेवला, पण चांगला झाला असं म्हणाले नाहीत. मी जात राहिलो. का जात राहिलो हे मला आजही नीट सांगता येत नाही. तिथे दिवा असायचा, मामी चहा द्यायची, आणि हात गुंतलेले असले की डोकं गप्प राहायचं.

मग इंजिन रंगवायचं आलं. त्यात माझा हात मामांपेक्षा सरस होता आणि ते त्यांना ठाऊक होतं. नुसता काळा रंग दिला तर ते म्हणायचे, "ह्ये इंजिन हाय का लगीनघरातली घागर?" त्यांना राबलेलं इंजिन हवं होतं. मी काजळी अळशीच्या तेलात खलली. धुराड्याभोवती ती बोटाने चोळली. पायऱ्यांच्या कडांना रंग खरवडून पत्रा उघडा केला, गेरू आणि विटेची पूड लावून गंज आणला. आपल्याकडचं पाणी जड. बॉयलरच्या पोटावरून त्याचे पांढरे ओघळ उतरतात, ते चुन्याच्या निवळीने रंगवले. मामा शेजारी बसून चुका काढायचे.

स्टेशनाजवळच्या एका शाळेत हस्तकलेचं प्रदर्शन भरणार होतं. त्याच्या आठ दिवस आधी मामांचे दोन जुने सोबती इंजिन बघायला आले. त्यांच्यादेखत दाभण माझ्या हातातून निसटलं आणि टेंडरवर ओरखडा उठला.

मामा हसले. "ज्याला बायकू धरून ठिवता येत न्हाई, त्यो दाभन काय धरनार?"

सोबती खो खो हसले. आत मामीच्या भांड्यांचा आवाज थांबला. मी ओरखडा बुजवला आणि उरलेलं काम घरी करतो म्हणून इंजिन फडक्यात गुंडाळून खोलीवर आणलं.

मामांच्या इंजिनाखाली एक माणूस गेला होता हे स्टेशनावर सगळ्यांना माहीत होतं. विळदच्या उतारावर, थंडीतल्या पहाटे, रूळ तपासत निघालेला गँगमन. कानांवरून फेटा गच्च बांधलेला. शिट्टी दिली होती असं चौकशीत ठरलं. दिलीच नव्हती, असं लोक बोलायचे. मामांसमोर हा विषय कोणी काढत नसे.

इंजिनाच्या पुढे, रुळालगत, गुरं बाजूला सारायची लोखंडी जाळी असते. त्या जाळीच्या उजव्या कोपऱ्यावर मी लाल रंग लावला. किरमिजी आणि थोडी काजळी. बेताने लावला, गंजासारखा दिसेल पण गंज नव्हे असा. त्यांच्या जिवाला लागावं, एवढंच माझ्या मनात होतं. चांगलं साधलं म्हणून मी स्वतःवर खूशही झालो.

प्रदर्शनाच्या आदल्या संध्याकाळी इंजिन घेऊन गेलो. मामांनी भिंग घेतलं. मागून सुरुवात केली. टेंडर, मग कॅब, मग चाकं. "ब्येस," ते म्हणाले. त्यांच्या तोंडून तो शब्द मी पहिल्यांदा ऐकला. मग भिंग जाळीवर आलं आणि तिथेच राहिलं.

मामी चहा घेऊन आली. "काय झालं?"

"काय न्हाई. तू आत जा."

ती गेली. मामांनी भिंग खाली ठेवलं. मला वाटलं, आता इंजिन माझ्या डोक्यात घालतील.

"लोकांचं ऐकून केलंस?"

"हो."

"सांगनाऱ्यानं चुकीचं सांगितलं. उजवीकडं न्हवतं. डावीकडं हुतं." त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. "रंगाची पेटी काढ."

"मामा, मी पुसून टाकतो."

"पेटी काढ म्हनलं ना!"

मी उजवा कोपरा टर्पेंटाइनने पुसला आणि डावा रंगवायला घेतला. ते सांगत होते, मी करत होतो. इतका लाल नको, थंडीत लगेच काळं पडतं. वरच्या पट्टीवर नको, खालच्या दोन्हींवर. चाकावर पण, आतल्या बाजूनं. कुंचला दोनदा माझ्या हातातून पडला. ते थांबायचे, मी तो उचलला की पुढे सांगायचे. शेवटी म्हणाले, "फेट्याचा तुकडा अडकला हुता. त्यो ऱ्हायला." मी फडक्याची एक दशी ओढून जाळीत गुंतवली. अर्धा तास तरी हे चाललं असेल. मी रडत होतो, ते त्यांना दिसत होतं.

"शिट्टी दिली हुती?" मी विचारलं. का विचारलं, देव जाणे.

"न्हाई," ते म्हणाले. "डुलकी लागली हुती."

दुसऱ्या दिवशी इंजिन तसंच टेबलावर होतं. लोक वाकून वाकून बघत होते. रिबिटांचं कौतुक झालं, पाण्याच्या ओघळांचं झालं. एका मास्तरांनी जाळीकडे बोट दाखवून विचारलं, "हा गंज का?" मामा म्हणाले, "न्हाई." मास्तर पुढच्या टेबलाकडे गेले. मामा दिवसभर इंजिनाशेजारी उभे होते, खुर्ची दिली तरी बसले नाहीत.

त्यानंतरही मी त्यांच्याकडे जात होतो. आम्ही आणखी चार मालडबे केले. त्यांनी एकही चेचला नाही. रिबीट कमी पडलं तरी "असू दे" म्हणायचे. मला ते ऐकवत नसे. बायको परत आली, तिची आणि माझी कशीबशी घडी बसली. तिला घेऊन मी त्यांच्याकडे गेलो तेव्हा मामीने तिची ओटी भरली आणि मामा बाहेर जाऊन उभे राहिले.

दोन वर्षांनी मामा गेले. तेराव्यानंतर मामीने मला बोलावून घेतलं. इंजिन कोपऱ्यात धोतराखाली झाकलेलं होतं.

"तुझ्याच हातचं हाय," ती म्हणाली. "तू घिऊन जा."

मी नको म्हणालो.

"का रं?"

"आमच्या खोलीत जागा नाही," मी सांगितलं आणि चप्पल घालून बाहेर पडलो.