आहेरातला कुकर

माळा आवरताना लग्नाची जुनी व्हिडिओ कॅसेट सापडली आणि तिच्या बुरसट वासानं मोताळ्यातलं माझं दुकान आठवलं. लोकांच्या कॅसेटी कॉम्प्युटरवर घेऊन मी सीडी करून द्यायचो. सॉफ्टवेअर नवंकोरं होतं, बनवणाऱ्यांनी 'चुका कळवा' म्हणून फुकट वापरायला दिलेलं. एका बाजाराच्या दिवशी एका नवरीचे काका सीडी घेऊन तणतणत आले. सीडीत आवाज चित्राच्या मागे पडत होता. त्यामुळे आहेराच्या वेळी पडद्यावर काका कुकर देत होते आणि माइकवर नाव पुकारलं जात होतं त्यांच्या आधी येऊन गेलेल्या मामांचं. "माह्या कुकरले त्याचं नाव काऊन? पोरीच्या मामानं चहा पाजला काय बे तुले?" मी समजावत होतो, पण ते पडद्याकडे न बघता माझ्या तोंडाकडेच बघत होते. शेवटी त्यांचीच तक्रार मी सॉफ्टवेअरवाल्यांना लिहून पाठवली. काही आठवड्यांनी दुरुस्त सॉफ्टवेअर आलं. नवी सीडी लावली, कुकरवर काकांचंच नाव आलं. आता तरी खूश होतील म्हणून मी खुर्ची पुढे केली, तर ते उभ्याउभ्याच म्हणाले, "म्हंजे नाव सरकवता येते तुले." दुकान बंद होऊन आता वर्षं झाली. परवा एका लग्नात मी आहेर देत होतो आणि रांगेत माझ्यामागे तेच काका, पार थकलेले. माइकवाला त्यांचं नाव घेणार तेवढ्यात त्यांनी हात वर केला, "थांब बे. पहिले याले खाली उतरू दे."