पेडणेकरांची दुसरी खुर्ची

पेडणेकर गेल्याची बातमी मला व्हॉट्सॲपवर कळली, आणि तीही पिकनिकच्या पोलखाली. आधी 'बटाटेवडे की मिसळ', मग 'पेडणेकर काका पास्ड अवे धिस मॉर्निंग', मग जोडलेल्या हातांची रांग, आणि त्या रांगेच्या मधेच कुणीतरी मिसळीला मत देऊन गेलं. अमेरिकेत, मॉरिसव्हिलमध्ये, त्यांचं घर माझ्या घराच्या बरोब्बर समोर. रात्री ॲम्ब्युलन्स आली, त्यांना घेऊन गेली, आणि मला पत्ताच नाही, कारण आमच्याकडे एसी चालू आणि खिडक्या बंद. मी फोन सोफ्यावर आपटला आणि अनवाणीच समोर गेले. दार बंद, गॅरेज बंद. त्यांची बायको शुभा अजून हॉस्पिटलमधून आली नव्हती. या गोष्टीला दीड महिना झाला, पण माझा राग काही उतरत नाही. कोणावर आहे तेही नीट सांगता येत नाही... बहुधा सगळ्यांवरच.

पेडणेकर मूळचे शिरोड्याचे, तरुणपणी मालवाहू जहाजावर इंजिनिअर होते. इथे सगळे त्यांना 'कॅप्टन काका' म्हणायचे आणि ते दर वेळी चिडायचे, "अरे, कॅप्टन वर उभा राहतो, मी खाली तेलात होतो." त्यांचं जहाज एकदा सिसिलीतल्या त्रापानी बंदरात इंजिन बिघडून अख्खा उन्हाळा अडकून पडलं. दिवसभर ते इंजिनात डोकं घालून असायचे, आणि संध्याकाळी आंघोळ करून गावात जायचे. सूर्य समुद्राकडे कलला की सारं गाव इस्त्रीचे कपडे घालून धक्क्यावर यायचं. काम काही नाही. टोकापर्यंत चालायचं, परत फिरायचं, आणि तीच माणसं पुन्हा भेटली की पुन्हा तितक्याच आनंदानं हात करायचा. मागच्या गल्लीत एक म्हातारी दारात दोन खुर्च्या टाकून बसायची. एक स्वतःची, एक रिकामी. चौथ्या-पाचव्या दिवशी पेडणेकर तिथे बसले. तिला त्यांची भाषा येत नव्हती, यांना तिची. ती शेंगा सोलत राहिली, हे वाऱ्यावर येणारा मिठागरांचा वास घेत राहिले. मग उन्हाळाभर रोज बसले.

हा किस्सा मी इतक्यांदा ऐकला की एकदा वैतागून म्हटलं, "मिठागरं तुमच्या शिरोड्यातही आहेत की! तिथलं सांगा काहीतरी."

"शिरोड्यात बसलो की पहिला प्रश्न येतो, मीनाताई. 'कधी इलंस, कधी जातलंस?' त्या बाईनं उन्हाळाभरात मला काही म्हणजे काही विचारलं नाही."

रिटायर झाल्यावर त्यांनी गॅरेजसमोर, आपल्या ड्राइव्हवेवर दोन खुर्च्या मांडायला सुरुवात केली. हिरव्या पट्ट्यांच्या, घडीच्या. नियम एकच, बोलवायचं नाही. "बोलावलं की माणूस पाहुणा होतो, मग चहा, मग चिवडा, मग 'आता तुम्ही या आमच्याकडे'. खुर्ची दिसली की बसावं, बस्स." उन्हाळ्यात आमच्याकडे उजेड खूप वेळ रेंगाळतो. झाडांत रातकिडे सुरू होतात, डांबर तापलेलं असतं, आणि अख्ख्या रस्त्यावर चिटपाखरू नसतं. गॅरेजची दारं उघडतात, गाड्या गिळतात, मिटतात. पहिल्याच आठवड्यात आमच्या रस्त्यावरचा निखिल, पुण्याचा, भला मुलगा, गाडी थांबवून म्हणाला, "काका, एव्हरीथिंग ओके? लॉक आउट झालात का?" आणखीही कितीतरी जणांनी हेच विचारलं. आमच्या लोकांना ड्राइव्हवेवर बसलेला माणूस म्हणजे चावी हरवलेला माणूस, याच्यापलीकडे काही सुचतच नव्हतं.

किस्सा कळल्यावर तर कहरच झाला. मेसेज यायला लागले, 'काका, आज बसणार आहात का? सव्वासात ते पावणेआठ चालेल?' मग निखिलनं हौसेनं त्याचा कार्यक्रमच केला, 'संध्याकाळ कट्टा'. साइन-अप, भाड्याच्या खुर्च्या, कागदी प्लेटा, माइक. पेडणेकर पाच मिनिटं बसले आणि गॅरेजमध्ये जाऊन कुठल्याशा पंपाचे नटबोल्ट पुसत राहिले. निखिल बिचारा हिरमुसला, "काकू, यार, काकांसाठीच तर केलं सगळं!" दोघांचंही खरं होतं, आणि दोघांचाही मला संताप आला.

त्या दुसऱ्या खुर्चीत नेमानं बसणारी मी एकटी. पण मी तर समोरचीच, शेजारणीचं काय मोठं कौतुक. त्यांना रस्त्यावरून सहज जाणारं कुणीतरी हवं होतं. शुभा दर वर्षी म्हणायची, चला एकदा त्रापानीला. पेडणेकर हट्टी. "तिथे टुरिस्ट होऊन बसू? संध्याकाळ जिथे राहतो तिथेच व्हायला हवी." मग बसा इथे वाट बघत! असं मी तोंडावर म्हणालेही. ते हसले. इतके उन्हाळे गेले, सहज कोणी आलं नाही. हेच मला जास्त लागतं. गेले ते वय झालं म्हणून गेले, पण इतकी साधी गोष्ट माणसाला मिळू नये?

गेल्या आठवड्यात शुभा मुलीकडे, अल्फारेटाला कायमची गेली. गॅरेज आवरताना मुलगी खुर्च्या उचलत म्हणाली, "जस्ट डोनेट दीज, आई." मी त्या तिच्या हातातून जवळजवळ ओढूनच घेतल्या. त्याच दिवशी ग्रुपवर निखिलचा मेसेज आला, काकांच्या आठवणीत दर शनिवारी एकेकानं बसायचं, 'मीनाकाकू, तुम्हाला सातचा स्लॉट देऊ?' मी फोन पालथा ठेवला. संध्याकाळी दोन्ही खुर्च्या माझ्या ड्राइव्हवेवर टाकल्या आणि बसले. बोलवायचं नाही, हा नियम धरून. एकेक गाडी आली, हात हलवून गेली. रातकिडे ओरडत होते. मग निखिलची गाडी थांबली, काच खाली आली.

"काकू, ऑल ओके? लॉक आउट झालात का?"

मी त्याच्याकडे बघितलं. इतक्या वर्षांत ही पोरं तेवढं एकच विचारायला थांबली होती.

"हो रे," मी म्हटलं, "चावी आत राहिली."

त्यानं गाडी कडेला लावली आणि येऊन दुसऱ्या खुर्चीत बसला. फोन काढून म्हणाला, "लॉकस्मिथला कॉल करू?" मी म्हटलं, नको, थोडं थांबू. माझं गॅरेज मागे सताड उघडं होतं आणि आतून आमच्या ह्यांच्या क्रिकेटच्या कॉमेंट्रीचा आवाज येत होता. निखिलनं एकदा मागे वळून बघितलं, एकदा माझ्याकडे. काही विचारलं नाही. फोन खिशात ठेवला आणि अंधार पडेपर्यंत बसून राहिला.