हातमामा गप्प बसायला शिकले

गॅसवर दूध होतं, नवरा बेसिनशी उभा राहून आरशाशी बोलत होता, लेकीला एक मोजा सापडत नव्हता आणि मी तिच्या शाळेच्या शर्टाच्या कॉलरशी इस्त्री घेऊन झटापट करत होते. तेवढ्यात दारावर थाप पडली. बेल असताना थाप मारणारा माणूस आमच्या जिन्यात एकच. समोरचे हातमामा.

"ताई, पाच मिनिटं आहेत का?"

"मामा, या वेळेला पाच मिनिटं कुणाच्या घरात असतात?"

"तेही खरंच," म्हणत ते आत येऊन खुर्चीवर टेकले. पाठीला हात लावूनच टेकले. "मला एक शिकाऊ पाहिजे. सरावाला. घरची नको. घरची माझं ऐकत नाही."

"आणि मी ऐकीन?"

"तुम्ही शिकलेल्या आहात. निदान ऐकल्यासारखं कराल."

मामा मोठ्या धुलाई कारखान्यात होते. हॉटेलांच्या, दवाखान्यांच्या चादरी तिथे गाड्या भरून येतात. धुतलेली ओली चादर दोघींनी दोन टोकांना धरून तापलेल्या रोलरमध्ये सोडायची, ती पलीकडून कोरडी, कडक होऊन बाहेर पडते. काम दिसायला सोपं. पण चादर तिरकी गेली किंवा तिला सुरकुती पडली, की हात आपोआप ती सरळ करायला पुढे जातो. घरी इस्त्री करणाऱ्या प्रत्येक बाईचा जातो, माझाही जातो. रोलरशी तो जाऊन चालत नाही. आधी मशीन थांबवायचं, मग चादर. हे मामांनी आयुष्यभर एकाच शब्दात शिकवलं. नव्या मुलीच्या मागे उभं राहायचं आणि तिची बोटं जरा पुढे सरकली की ओरडायचं, "हात!" मग अख्खी शेड जागच्या जागी थिजायची. त्यावरून मुलींनी नाव ठेवलं, हातमामा. आमच्या मजल्यावर त्यांचं खरं नाव पोस्टमनलाच काय ते ठाऊक असेल. सवय इतकी, की एकदा बसच्या दाराशी बोटं ठेवून उभ्या असलेल्या परक्या बाईवर ते ओरडले. बाईने आधी पर्स छातीशी धरली.

मग पाठ गेली. डॉक्टरांनी उचलणं, वाकणं बंद केलं. ऑफिसने सांगितलं, मशीनवर ठेवता येणार नाही, नव्यांना शिकवायला ठेवू. पण हल्ली शिकवणाऱ्यालाही शिकावं लागतं, त्याचा कोर्स निघाला आहे. पास झालात तर मेंटॉर, नाहीतर घरी बसा. मामींची औषधं कारखान्याच्या दवाखान्यातून यायची. घरी बसणं म्हणजे काय, ते दोघांनाही न बोलता कळलं होतं.

कोर्सला मामा इस्त्रीचा शर्ट घालून गेले. खुर्च्या गोल मांडलेल्या. शिकवणाऱ्या मॅडम चांगल्या होत्या. मामांनी त्यांच्याबद्दल कधी वाकडा शब्द काढला नाही. त्यांनी सांगितलं, उत्तर आपण द्यायचं नाही, विचारायचं. समोरच्याला स्वतः सापडू द्यायचं. पहिल्याच सरावात मामा दोनदा ओरडले, आणि शिकाऊ झालेली बाई म्हणाली, मला भीती वाटली, पुढचं काही ऐकूच आलं नाही.

"खोटं नाही ते, ताई," मामा मला म्हणाले. "एक पोरगी मागे माझ्या ओरडण्यानं गेली ती परत आलीच नाही. चांगला हात होता तिचा. मॅडम म्हणतात, तुमचं सगळं चांगलं आहे, तेवढं ओरडणं गेलं पाहिजे."

तर मी शिकाऊ झाले. मामांनी घसा साफ केला, हात मांडीवर ठेवले आणि मॅडमच्या आवाजात विचारलं, "आत्ता तुमच्यासमोर काय चाललंय?"

"कॉलरला सुरकुती पडतेय."

"अच्छा. आणखी काय दिसतंय?"

"तुम्ही दिसताय."

"माझ्यापलीकडे?"

मी वळून पाहिलं तर दूध उतू जाऊन गॅसवरून ओट्यावर, ओट्यावरून खाली चाललेलं. "अहो मामा! दिसत होतं तर सांगायचं नाही का?"

मामांचा चेहरा कासावीस झाला होता, कपाळावर घाम. "दिसत होतं. जीभ चावून बसलो होतो, ताई."

माझा नवरा तोंडातला फेस सांभाळत हसला. दारात येऊन उभ्या राहिलेल्या मामी म्हणाल्या, "म्हणजे जमलं की! इतक्या वर्षांत पहिल्यांदा तोंड बंद राहिलं यांचं. दुधाचं मी देते."

त्यानंतर रोज सकाळी थाप पडायची. मी इस्त्री मुद्दाम बोटाजवळ न्यायचे, लेक खिडकीच्या फटीत पेन्सिल घालायची, आणि मामा श्वास रोखून बघत राहायचे. ओठांचा चंबू व्हायचा, "हा" इतकंच बाहेर यायचं, मग तेही बंद झालं. मामी सांगत, झोपेत ओरडायचे, तेसुद्धा थांबलं. आम्ही सगळे त्यांना शाबासकी देत होतो.

परीक्षा शेडमध्येच होती. खऱ्या शिकाऊला शिकवायचं आणि मॅडम मागे उभ्या राहून बघणार. मामांनी एक नवी मुलगी निवडली. बोलकी, चुणचुणीत. त्यांच्याकडून कामावर सगळ्यात कमी ओरडा खाल्लेली. ती सकाळी त्यांना म्हणाली होती, "मामा, काळजी करू नका, मी तुम्हाला पास करून आणते."

पुढचं मी मामींकडून तुकड्या-तुकड्यांनी ऐकलं. मामांनी छान विचारलं. तिने छान सांगितलं. चादरी सरळ जात होत्या. मग एका चादरीला कोपऱ्यात सुरकुती पडली, आणि मुलीचा हात पुढे गेला. हात लागला की मशीन थांबवणारी पट्टी असते रोलरच्या पुढे. ती थांबवते, पण जुनी झालेली, अंमळ उशिराच थांबवते. मुलीची उजव्या हाताची बोटं गेली. अंगठा तेवढा राहिला.

मॅडम नंतर घरी येऊन गेल्या. मामींच्या समोर रडल्या. "धोका दिसला तर बोलायचंच, हे मी पहिल्याच दिवशी सांगितलं होतं," असं म्हणाल्या. मामांनी मान हलवली. "सांगितलंत. नक्की सांगितलं असणार. मी ओरडायचं नाही, तेवढंच पाठ करत होतो."

ऑफिसने चौकशी केली. मुलीला नियम सांगितलेले होते, तिने मशीन न थांबवता हात घातला, चूक तिची, असं ठरलं. मामा शिकवण्यात कुठे कमी पडले, तर कुठेच नाही. त्यांना पास केलं.

गेल्या आठवड्यात मामी सांगत होत्या, मुलीचा दवाखान्यातून फोन आला होता. दुसऱ्याच कुणीतरी फोन तिच्या कानाशी धरलेला. म्हणाली, "मामा, माझ्यामुळे तुमची परीक्षा बिघडली नाही ना?"

तेव्हापासून मामा कामावर गेलेले नाहीत. निरोप दोनदा येऊन गेला, नव्या मुली थांबल्या आहेत, कधी येता. ते खिडकीशी बसून असतात. मी भाजी नेऊन दिली तर "ठेवा" म्हणतात. माझी लेक परवा त्यांच्यासमोर खिडकीच्या फटीत पेन्सिल घालायला गेली, जुना खेळ म्हणून. मामा उठून आतल्या खोलीत गेले.

आज सकाळी पुन्हा तीच गडबड होती आणि दाराची बेल वाजली. बेल वाजली म्हणून मला वाटलं, दुसरंच कुणी असेल. दार उघडलं तर मामा. इस्त्री न केलेला शर्ट, दाढी वाढलेली. आत या म्हटलं तर आले नाहीत, उंबऱ्यापलीकडेच राहिले.

"ताई, सगळ्यांना वाटतं, माझं लक्ष मॅडमकडे होतं," ते म्हणाले. "ऑफिसला वाटतं. हिला वाटतं. त्या पोरीलाही तेच वाटतं."

मी दार मागे ओढून घेतलं.

"मी बघत होतो. सुरकुती पडली ते बघितलं. बोट उचललं ते बघितलं. शब्द इथे आला होता." त्यांनी गळ्याला हात लावला. "मी गिळला."

"मामा, चौकशीत—"

"तिथे कुणी विचारलंच नाही. पोरीला वाटतंय, सगळी चूक तिची. तिला सांगायला पाहिजे." मग जरा थांबून म्हणाले, "सांगून काही होणार नाही, मला माहिती आहे. बोटं यायची नाहीत. तिला कुणी कामावर घ्यायचं नाही. ती मला शिव्या देईल किंवा देणारही नाही, ते तर आणखी वाईट. दोनदा दवाखान्याच्या दारापर्यंत जाऊन आलो. तोंड उघडत नाही. इतकं पक्कं शिकलोय."

आतून लेक ओरडली, आई, माझा शर्ट. मी मागे वळले नाही.

"मामींना घेऊन जा ना," मी म्हटलं.

"ती रडेल, मग मला तिलाच सांभाळावं लागेल." त्यांनी पहिल्यांदाच माझ्याकडे नीट पाहिलं. "तुम्ही माझ्या शिकाऊ होतात, म्हणून मागतोय. उद्या माझ्याबरोबर दवाखान्यात चला. तिच्या खाटेशी बसू. आणि मी गप्प राहिलो, तर माझ्यावर एकदा ओरडा."