लाल न झालेला रस

सोयाबीनबद्दल कुणी विचारलं की मी सगळं सांगतो, एक हंगाम सोडून. इतकी वर्षं तो टाळण्यासाठी मी बोलणं द्राक्षांवर नेत आलो, आणि नाशकात द्राक्षांचा विषय कधी संपत नाही.

नोकरीत असताना दिंडोरीच्या बाजूला एका खासगी प्रयोगशेतीवर मी देखरेखीला होतो. सोयाबीनला नत्र दोन वाटांनी मिळतं. मातीतलं नायट्रेट मुळं सरळ ओढून घेतात. हवेतलं नत्र मात्र मुळांवरच्या गाठींतले जीवाणू पकडतात, आणि ते युराइड नावाच्या संयुगाच्या रूपात वर पानांकडे जातं. कोणत्या वाटेने किती येतं, हे आम्ही पाहत असू. सकाळी खोड बुडाशी कापायचं, खुंटावर रबरी नळी चढवायची आणि वर येणारा रस जमवायचा. त्यात रसायनं घालून तापवलं की युराइड असल्यास रस लाल होतो. लाल झाला म्हणजे गाठी काम करतायत.

बियाण्याला जीवाणूंचं कल्चर चोळायचं काम जवळच्याच वस्तीवरची एक बाई करायची. साल निघू नये म्हणून हलक्या हाताने. मला भाऊ म्हणायची. खुंटाला नळी लावताना पाहून एकदा म्हणाली, "भाऊ, माणसाला सलाईन चढवतात, तुम्ही झाडाचं उतरवून घेता व्हय?"

त्या वर्षी रोपं पिवळी पडली. कोवळेपणी पडतात कधी कधी. बियातला साठा संपलेला असतो आणि गाठी अजून सुरू झालेल्या नसतात. तेव्हा थांबायचं असतं. पण मोठे साहेब पाहणीला येणार होते. मी कुणाला न सांगता सगळ्या वाफ्यांना युरिया दिला, तोही सढळ हाताने. पानं हिरवीगार झाली, साहेब खूश झाले. युरियाचं मातीत नायट्रेट होतं, आणि असं आयतं मिळालं की झाड गाठी पोसत नाही. हे मला माहीत होतं.

फुलोऱ्यात रस काढून तापवला. लाल झालाच नाही. मुळं उपटली, तर गाठी थोड्याच, आणि फोडल्यावर आतून जिवंत गाठींसारख्या गुलाबी नाहीत, मातकट.

साहेबांनी सगळ्यांसमोर तिला विचारलं, "बाई, कल्चर लावलेलं बी उन्हात ठेवलंस ना? जीवाणू मेले सगळे."

"नाय साहेब, सावलीतच सुकवलं. भाऊ व्हते ना तिथं."

साहेब माझ्याकडे वळले. आंब्याखाली गोणपाटावर पसरलेलं बी मी पाहिलं होतं.

"माझं लक्ष नव्हतं," मी म्हणालो.

पुढच्या हंगामात तिला कामावर बोलावलं नाही.

यंदा पेरणीच्या तोंडावर, काय बोलायचं ते ठरवून, मी तिच्या घरी गेलो. ती आता माझ्यासारखीच थकलेली. ओट्यावर सून बियाण्याला कल्चर चोळत होती आणि ती दूर भिंतीला टेकून बसली होती.

"तुम्ही नाही लावत?"

"नाय भाऊ. माझ्या हातानं मरत्यात ते. तुमच्याकडंच नाय का कळलं?" ती हसली. मग सुनेला म्हणाली, "हे भाऊ कधी वाकडं बोलले नाय मला."

चहा आला. ठरवलेलं वाक्य लहान होतं: युरिया मी टाकला होता, तुमच्या हातात काही दोष नव्हता, मला माफ करा. कप रिकामा होईपर्यंत ते तोंडात होतं.

मग मी सुनेला म्हटलं, "बी सावलीतच ठेव हं," आणि चपला घातल्या.