सरकतं दार आणि सासूबाईंचं नागपूर

तुमच्या नव्या गाडीचा फोटो पाहिला. आत पलंग, शेगडी, बेसिन, आणि दार म्हणे बटण दाबलं की आपोआप सरकतं. तशी गाडी आपल्याकडेही होती, हे तुमच्या बाबांनी तुम्हाला सांगितलेलं दिसत नाही.

तुमचे आजोबा वरठीच्या कारखान्यातून निवृत्त झाले आणि त्यांनी कोणाची तरी जुनी व्हॅन विकत आणली. मागची सीट काढून तिथे फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडीसाठी कप्पा केला, खिडक्यांना माझ्या जुन्या साड्यांचे पडदे लावले. गोसीखुर्दच्या धरणावर मुक्काम करायचा त्यांचा बेत होता. तो एकदाच झाला. डासांचं जेवण झालं, आमचं राहिलं. त्यानंतर गाडी शेडमध्ये उभी राहिली.

पण त्या पलंगावर तुमच्या पणजीचा, म्हणजे माझ्या सासूबाईंचा, डोळा होता. छप्पन साली त्या दहा वर्षांच्या आजोबांना बोटाला धरून नागपूरला दीक्षा घ्यायला गेल्या होत्या. तेव्हापासून दर दसऱ्याला दीक्षाभूमीवर जायच्या. गुडघे गेले आणि जाणं थांबलं. बसमध्ये बसवत नव्हतं, खाली बसलं तर उठवत नव्हतं. पलंगाची गाडी दारात आल्यावर त्यांनी एवढंच म्हटलं, "झोपून जाईन, पण जाईन."

दसऱ्याच्या आदल्या दिवशी आजोबांनी गाडीचं बाजूचं दार ओढलं. ते आलं, आणि दोन बोटं अलीकडे थांबलं. जोर लावला की तेवढंच परत यायचं. खटका काही लागेना.

"खटका गेला," धाकटे आजोबा म्हणाले. हे माझे दीर, कोंढ्याला शेती करायचे, नागपूरला सोबत म्हणून आले होते. गाडीजवळ न जाताच त्यांनी हे निदान केलं.

कोपऱ्यावरच्या गॅरेजवाल्याने पाने-पक्कड धुऊन, हळद-कुंकू लावून पाटावर मांडले होते. "काका, आज खंडेनवमी. पान्याले हात नाही लावता येत," तो म्हणाला. मग आजोबांनी स्वतःच हत्यारांची पेटी उघडली. जन्मभर लोखंडात काम केलेला माणूस, लोखंड आपलं ऐकतं असा त्यांचा समज होता. घरात कोणी ऐकत नसे म्हणून असेल. त्यांनी खटका काढला, रॉकेलमध्ये धुतला, तेल देऊन पुन्हा बसवला. दार होतं तिथेच. मग खटका ज्यात अडकतो त्या आकड्यावर कानस चालवली. दुपारपर्यंत तो कसाबसा लागला आणि मी कोपर टेकताच सुटला.

"असल्या दारानं मी मायले हायवेवर नेत नाही," आजोबांनी निकाल दिला. "वळणावर सरकलं तं?"

"सरकलं तं पडन," सासूबाई ओसरीवरून म्हणाल्या. "घरी बसून मी का उडून रायली?"

"तू पडशीन अन् पोलीस मले धरतीन."

"धरतीन तं धरतीन. पेन्शनवाल्या माणसाले कोणतं काम हाय?"

आजोबा हलले नाहीत. सासूबाई आत गेल्या. उद्यासाठी काढून ठेवलेलं पांढरं लुगडं त्यांनी पेटीत ठेवलं आणि पेटीची कडी लावली. त्या भांडत होत्या तोवर मला काळजी नव्हती. 

माझं शिक्षण इंग्रजीतलं, त्यात खटक्याचा धडा नव्हता. पण घाण मला दिसते. मी गोणपाट अंथरून पायरीपाशी आडवी झाले आणि दाराचं चाक ज्या खाचेतून चालतं तिच्यात हात घातला. हाताला चिखल लागला, आणि चिखलाबरोबर मूठभर पिवळट कोंब आले. धान उगवलं होतं. रोवणीला वाढवतात ते रोपांचे पऱ्हेच म्हणा ना, फक्त उजेड न मिळाल्याने आजारी दिसत होते. आठवड्यापूर्वी आजोबांनी नागपूरसाठी गाडी पाइप लावून धुतली होती. पाणी कुठे गेलं ते आता कळलं.

"भाऊजी, हे काय?"

धाकट्या आजोबांनी ते बराच वेळ निरखलं. "गवत दिसून रायलं, वयनी."

कोंढ्याचा शेतकरी धानाला गवत म्हणाला. सासूबाई भिंत धरत आल्या, एक कोंब चिमटीत घेतला आणि म्हणाल्या, "उंदरानं आणलं असन."

"उंदीर पोतं घेऊन आल्ता का?" आजोबांनी विचारलं.

मग सगळं बाहेर आलं. आम्ही पावसाळ्याच्या तोंडावर तुमच्या बाबांकडे गेलो होतो, तेव्हा धाकट्या आजोबांनी याच गाडीतून बियाण्याची पोती नेली होती. एक फाटलं. पोत्यांच्या मधोमध, पलंगावर, सासूबाई होत्या.

"मले शेत पाह्याचं होतं," त्या म्हणाल्या. "पायी जाऊ का?"

आजोबांनी धाकट्यांच्या हातात उलथणं दिलं. खाच साफ झाली, दार सरसरत शेवटपर्यंत गेलं. पण खटका लागेना. सकाळपर्यंत धडधाकट असलेला आकडा कानशीने इतका झिजला होता की खटक्याला धरायला काही उरलंच नव्हतं. आजोबांनी कानस गुपचूप ठेवून दिली.

धाकट्या आजोबांनी बैलाचा कासरा आणला. आतून दाराची मूठ आणि पलंगाचा पाय यांना वेढे घालून गाठ मारली. आजोबांनी बाहेरून गाडीला पाय लावून दार ओढलं, दोन्ही हातांनी ओढलं. दार हललं नाही. तेवढ्यात घरातून पेटीची कडी वाजली आणि सासूबाई लुगडं घेऊन बाहेर आल्या. विचारायची पद्धत त्यांना नव्हतीच.

दसऱ्याला त्यांना आत झोपवून पुन्हा तशीच गाठ मारली. नागपूरला गाडी लांब उभी करावी लागली. वाटेतल्या धक्क्यांनी गाठ अशी आवळली होती की ती कोणालाच सुटेना. शेवटी मागचं दार वर केलं आणि दोघा मुलांनी आपल्या आईला शेगडीच्या कप्प्यावरून, पाय पुढे करून बाहेर काढलं. माणसं थांबून बघू लागली. "जय भीम," त्या आडव्या असतानाच म्हणाल्या, "दार बिघडलं हाय."

मुलांनी त्यांना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून स्तूपापर्यंत नेलं. तिथे त्यांनी हात जोडले, आणि खुर्ची परत वळवू दिली नाही. धाकटे आजोबा दोनदा म्हणाले, "चाल वं माय, खांदे गेले." तिसऱ्यांदा त्या म्हणाल्या, "मंग खाली ठेव. मी काई जाऊन नाही रायली."