उकडतंय म्हणाला

सोलापुरात चादर अंगावर घ्यावी असे दिवस वर्षाकाठी दीड महिना. म्हणून विकणारा थंडीच्या मुलखात जातो. कुंभारीचा कुंडलिक वीस वर्षं हेच करत होता, आणि गेली अकरा वर्षं त्याच्या जोडीला दुधनीचा अमरेश होता. कुंडलिक पाठीचा माणूस, अमरेश जिभेचा. कुंडलिकनं गाठोडं वाहायचं, अमरेशनं सोडायचं आणि बोलायचं. कुठल्याही गावात अर्धा तास बसला की तिथली बोली त्याच्या तोंडात येऊन बसायची. पंजाबी ढाबेवाला, स्टेशनवरची घोषणा करणारी बाई, सगळे त्याच्या घशात मुक्कामाला. पण त्याचा हुकमी नग म्हणजे सोलापूरच्या भवानी पेठेतली बजाबाई. टॉवेलचा पदर करायचा, मान कलती टाकायची आणि म्हणायचं, "उकडतंय गं बाई, जीव चाललाय की माजा!" कुंडलिकनं ते शंभरदा ऐकलं होतं आणि शंभरदा हसला होता.

त्या वर्षी दोघं लडाखला गेले. रस्त्याचं काम करणारे मजूर ऑक्टोबरात घरी परततात, जाताना घरच्यांसाठी काहीतरी नेतातच, असं कुणीतरी सांगितलं होतं. एका तळ्याच्या काठानं त्यांच्या छावण्या होत्या. ते तळं म्हणजे निळंशार, नजर संपली तरी न संपणारं. आणि काठाला झाड नाही, झुडूप नाही, कावळासुद्धा नाही. पहिल्याच दिवशी अमरेशनं ओंजळभर पाणी तोंडात घेतलं आणि थुंकलं. "खारट हाय की रे माराया! एवढं पाणी, आन् चहाला थेंब न्हाय?"

प्यायचं पाणी टँकरनं यायचं आणि सकाळी पिंपात दगड होऊन बसायचं. मजुरांच्या पत्र्याच्या खोपटात, रॉकेलच्या शेगडीशेजारी, बुटांसकट झोपायचं. डाळ तीन तास शिजवली तरी दाताखाली कचकचायची. कुंडलिकच्या नाकातून रक्त यायचं, ओठ भेगाळून गेले होते. चालताना वीस पावलांवर थांबावं लागे.

एकदा ट्रकवाला म्हणाला, "रात को किनारे पे चादर जम जाती है, सँभल के."

कुंडलिक दचकला. "आपल्या आदी कोण पोचला रं?"

"टिळक चौकातलाच कुणीतरी चादरवाला असणार," अमरेश म्हणाला. "भाव पाडला बघ त्यानं."

मग कळलं की इथं बर्फाच्या पापुद्र्याला चादर म्हणतात. दोघं दिवसभर हसले. ट्रकवाला दोघांकडं बघत राहिला.

तिसऱ्या आठवड्यात शेवटची छावणी राहिली होती. दुपारी दोनला ट्रकवाल्यानं त्यांना वळणावर उतरवलं. छावणी समोर दिसत होती, पत्र्यावर ऊन चमकत होतं. रस्ता डोंगराला वळसा घालून जायचा. काठानं गेलं तर निम्मं चालणं. दोघं काठानं निघाले.

अर्ध्या वाटेत अमरेशच्या पायाखालचा बर्फ फुटला. कंबरेएवढं पाणी. कुंडलिकनं गाठोडं टाकून त्याला ओढून काढलं. अमरेश हसतच वर आला. "आमची चादर पक्की, ह्यांची कच्ची!" पण दात असे वाजत होते की शब्द तुकड्यातुकड्यानं बाहेर पडत होते. बदलायला पँट नव्हती, आणि छावणी समोर दिसत असताना गाठोडं सोडत कोण बसणार? "चल, चालत ऱ्हा. चालून ऊब येती," कुंडलिक म्हणाला.

वारा सुटला होता. अमरेशची पँट पत्र्यासारखी कडक झाली, चालताना खडखडायला लागली. तास गेला. छावणी तेवढीच लांब. मग कुंडलिकच्या ध्यानात आलं की दात वाजायचे थांबलेत.

"बरं वाटतंय न्हवं?"

"हूं," अमरेश म्हणाला. जीभ जड झाली होती, दारू प्याल्यासारखी. एका खडकाशी तो बसला, मान कलती टाकली आणि जाकिटाची चेन चाचपडत म्हणाला, "उकडतंय... लई उकडतंय."

कुंडलिकला हसू फुटलं. एवढ्या थंडीत ह्यानं बजाबाई काढली! गडी सावरला म्हणायचा. गाठोडं खाली टेकवत तोही सुरात सूर मिळवून म्हणाला, "उकडतंय तर काढ की गं बाई! कुणासाठी घातलंयस?"

आणि तो लघवीला चार पावलं पलीकडं गेला.

परत येऊन बघतो तर जाकीट खाली पडलेलं. स्वेटर खाली पडलेला. अमरेश बनियनवर, दुसरा बूट काढायच्या खटपटीत. बोटं वाकत नव्हती. तो कुंडलिककडं बघत होता, पण कुठल्याच माणसाकडं बघितल्यासारखा नाही.

"अमऱ्या! सोंग बास झालं!"

अंगाला हात लावला तर गार. सोलापुरात आयुष्य गेलेल्या माणसाला उकडणं ठाऊक. गारठून मरणाऱ्याला शेवटी उकडतं हे त्याला कुणी सांगितलं असणार? त्यानं गाठोडं फाडलं. राहिलेला सगळा माल, मोर काढलेल्या, चौकटीच्या, सगळ्या चादरी त्याच्याभोवती गुंडाळल्या. अमरेश त्या ढकलत राहिला. मग ढकलायचाही थांबला. कुंडलिक छावणीकडं पळाला. वीस पावलं, थांब, वीस पावलं, थांब. पाच मजूर खाट घेऊन आले तेव्हा ऊन अजून डोंगरावर होतं. अमरेश संपला होता.

दुधनीला माती झाल्यावर कुंडलिक अमरेशच्या आईपुढं, नागूबाईपुढं, बसला. म्हातारीनं आपल्या कानडी हेलात एवढंच विचारलं, "येनप्पा, थंडी लई वाजली का रे त्याला?"

"न्हाय अव्वा. शेवटाला उकडतंय म्हणला."

तिनं डोळे मिटले. दुखवट्याला आलेल्या प्रत्येकीला ती तेच सांगायला लागली, "थंडीनं न्हाय गेला माजा लेक. उबेत गेला." कुंडलिक भिंतीला टेकून ऐकत होता. चौथी बाई उठून गेल्यावर मात्र त्याला राहवेना.

"अव्वा, मीच म्हणलं त्याला. काढ म्हणलं. मला वाटलं सोंग करतोय. माज्यामुळं काढलं त्यानं."

नागूबाईनं त्याच्याकडं पाहिलं. आपला हा मोठा बाप्या लहान लेकरासारखा का रडतोय, हे तिला कळेना. पदरानं तिनं त्याला वारा घातला.

"उकडल्यावर काढायचंच असतंय की रे," ती म्हणाली. "त्यात रडायचं काय?"