आत्याची खोली

बाबांनी कारखान्यातून मुदतीआधी निवृत्ती घेतली, तेव्हा हैदराबादेत गल्लोगल्ली कॉम्प्युटर क्लासच्या पाट्या लागत होत्या. शहराबाहेर पूर्वीच घेऊन ठेवलेल्या प्लॉटवर त्यांनी घर बांधायचं ठरवलं. तोवर आम्ही विद्यानगरला भाड्याच्या घरात राहत होतो: आई, बाबा, मी आणि आत्या. आत्या बाबांहून मोठी. लग्न केलं नव्हतं, कोठी भागातल्या मराठी शाळेत शिकवायची. बाबांचं शिक्षण तिच्या पगारावर झालं होतं. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं, पण कुणी बोलून दाखवत नसे.

मी तेव्हा पॉलिटेक्निकला सिव्हिल शिकत होते. नकाशा मंजूर होऊन आला त्या दुपारी बाबा बाहेर गेले होते. आत्यानं तो टेबलावर पसरला, कोपऱ्यांवर वाट्या ठेवल्या आणि म्हणाली, "चल, शिकव मला. आज तू बाई, मी विद्यार्थिनी."

निळसर कागदाला अजून अमोनियाचा उग्र वास होता. मी तिला आधी उत्तरेचा बाण शोधायला लावला. मग सांगितलं, दोन जाड रेषा म्हणजे भिंत, पाव वर्तुळ म्हणजे दार. ते वर्तुळ जिकडे, दार तिकडे उघडतं. पपई मधोमध कापावी तसं घर उभं कापून दाखवतात, त्याला छेद म्हणायचं. ती चटकन शिकली. बोटानं फाटकातून आत शिरली, व्हरांडा ओलांडून स्वयंपाकघरात गेली. म्हणाली, "ओट्यावर सकाळचं ऊन येईल. तुझ्या आईला बरं."

मग तिचं बोट पुढच्या मोठ्या खोलीवर थांबलं. तिथं इंग्रजीत 'क्लासरूम' लिहिलं होतं.

आत्यानं चष्मा काढून पदरानं पुसला. "रिटायर झाल्यावर शिकवण्या घेईन म्हणून कधीतरी बोलले होते," ती म्हणाली. "ध्यानात ठेवलं बघ त्यानं." मलाही तसंच वाटलं. फळा कुठल्या भिंतीला, तिची कॉट कुठल्या खिडकीशी, ते आम्ही दोघींनी ठरवून टाकलं.

बाबा आले तसं ती म्हणाली, "अरे, मला एवढी मोठी खोली कशाला?"

बाबांनी आईकडे पाहिलं. आई आत निघून गेली.

"अक्का, ती कॉम्प्युटर क्लासला भाड्यानं द्यायची आहे. त्याशिवाय घर झेपत नाही."

"मग मी?"

"तुझी शाळा तिथून फार लांब पडते. आम्हाला वाटलं, शाळेजवळच तुला एखादी खोली बघावी. सुट्टीत येशीलच की."

आत्यानं पुन्हा नकाशावर नजर फिरवली. आता तिला तो वाचता येत होता. एक बेडरूम आई-बाबांची, एक माझी.

"हौ, बरोबर आहे," ती म्हणाली. वाट्या उचलल्या, कागदाची नीट घडी घातली आणि बाबांच्या हातात दिली. मी म्हटलं, आपण दोघी माझ्या खोलीत राहू. "नक्को गं," ती म्हणाली, "तुझं अभ्यासाचं वय." आणि माझ्याकडे न बघता भाजी निवडायला बसली.

वास्तुशांतीला ती आली. त्या घरात पहिल्यांदाच पाऊल टाकत होती, तरी पाहुण्यांना न्हाणीघर कुठे, गच्चीचा जिना कुठे, ते तीच सांगत होती. संध्याकाळी बाबा म्हणाले, "आज राहा."

"उद्या शाळा आहे रे."

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बाबा तिला बसस्टॉपवर सोडायला गेले ते बराच वेळ परतले नाहीत.

काही वर्षांनी तो क्लास बंद पडला. बाबांनी खोलीला रंग काढला आणि मला घेऊन आत्याकडे गेले. तिची खोली इतकी अरुंद होती की कॉट उभी केल्याशिवाय तिघांना बसता येईना. तिनं चहा केला. बाबांनी विषय काढल्यावर म्हणाली, "इथं माझं बरं चाललंय. शेजारची पोरं शिकायला येतात."

"चल ना, अक्का," बाबा म्हणाले. पुन्हा पुन्हा तेवढंच म्हणत राहिले आणि मग त्यांना रडू फुटलं. मी त्यांना रडताना कधी पाहिलं नव्हतं. आत्या त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. पण आली नाही.